सध्या वास्तव्य जर्मनी

नळानं फुस्स केलं. आधी नुसती हवा, मग पाइपात कुणी खाकरावं तसा आवाज, मग बारीक धार.

आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे कान नळाला लागलेले असतात. धार पडली की कुणी मोटर लावायला पळतं, कुणी पिंपाचं झाकण काढतं, कुणी अर्ध्या ताटावरून उठतं. त्या शनिवारी मात्र आम्हा चौघा मोठ्यांपैकी कुणीच उठलं नाही. ओट्यावर अण्णांचा मोबाइल उताणा पडला होता. माझे धाकटे दीर हृषीकेश त्यातून जर्मनीहून बोलले होते आणि शेवटचं वाक्य बोलून त्यांनी फोन ठेवून दिला होता.

"पाणी आलंय," श्रावणी म्हणाली. ती सहा वर्षांची आहे. पाणी आलं की सांगायचं हे तिचं घरातलं काम आहे.

"येऊ दे," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे वेणीमाधव. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे कार्यवाह आहेत. हृषीकेश भावजी आठ वर्षांपूर्वी श्टुटगार्टला गेले. तिथंच नोकरी, तिथंच घर, आणि आता तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिथल्या कचेरीनं त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. त्यांच्याच एका जुन्या भाषणाचं जर्मन भाषांतर. हे तुम्ही बोललात का, आजही तुमचं हेच मत आहे का, याचा चार आठवड्यांत लेखी खुलासा करा. माणसामाणसांत द्वेष पसरवणाऱ्याला नागरिकत्व द्यायचं का, यावरून तिथं सध्या बरीच भांडणं चालतात, असं भावजी म्हणाले. आणि मग ते शेवटचं वाक्य बोलले. "वहिनींना लिहून द्यायला सांगा, की भाषण त्यांनी लिहिलं होतं. मी नुसतं म्हणून दाखवलं."

"पण त्या लोकांना सापडलं कसं?" सासूबाईंनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या दिवाळीत अण्णांनी मोठ्या हौसेनं वाचनालयाचे जुने वार्षिक अंक स्कॅन करून घेतले आणि इंटरनेटवर चढवले. चढवताना त्यांना वाटलं, मुलाचं पहिल्या नंबराचं भाषण नुसतंच कसं ठेवायचं. म्हणून त्यांनी त्याच्या नावाखाली एक ओळ वाढवली, 'सध्या वास्तव्य श्टुटगार्ट, जर्मनी'. शेजारी कोटातला फोटो घातला. वीस वर्षांच्या अंकांत बाकी कुणाच्याही नावाखाली वास्तव्य नाही. तिथल्या मराठी मंडळात भावजींचं ढोलपथकावरून कुणाशी तरी वाजलं होतं. त्या माणसाला ते भाषण आयतंच मिळालं, आणि त्यानं ते कचेरीत पोचवलं.

"ती ओळ घालायची गरज काय होती अण्णा?" माझा नवरा अवधूत म्हणाला.

"बापाला मुलाचं कौतुक वाटू नये?"

"वाटावं की. गावभर फलक कशाला लावायचा?"

"तू काही केलं असतंस तर तुझाही लावला असता."

अवधूत उठला आणि मोटर लावायला गेला. त्या घडीला त्याला एवढंच करता येण्यासारखं होतं.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "दे की लिहून, भार्गवी. तुला कुठं जर्मनीला जायचंय? तुला कोण विचारायला येतंय?"

त्या बोलल्या त्यात खोट काही नव्हती. भाषण मीच लिहिलं होतं.

आमच्या घरात भाषण उभ्यानं सांगायचं आणि बसून लिहायचं असतं. सांगणारा पुरुष खोलीभर फिरतो, मी खाली बसून पक्की प्रत करते. लग्नाआधी मी वक्तृत्वाच्या ढाली आणायची, म्हणून तर अण्णांनी मला पसंत केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, लग्नाला तीन महिने झाले असताना, वाचनालयाच्या स्पर्धेचा विषय होता 'आपली पेठ, आपली माणसं'. भावजींनी एका लग्नपत्रिकेच्या मागं सहा मुद्दे लिहून दिले. मी बावीस वर्षांची होते. या घरात मला सगळ्यांनी नावाजावं असं फार वाटायचं. मी जीव ओतून लिहिलं. मुद्दे त्यांचे होते, पण शेवटचं वाक्य माझं. "घूस कधी दार वाजवत नाही. ती भाडेकरू म्हणून येते, आणि एक दिवस आपल्याच घराखालची माती आपली राहत नाही."

भावजींनी ते खणखणीत म्हटलं. टाळ्या थांबेनात. मी बायकांच्या बाजूला बसले होते. सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला होता. तोपर्यंत त्यांनी तसा कधी ठेवला नव्हता.

त्या वेळी आमच्या पेठेत बाहेरून आलेली भाडेकरू एकच होती. समोरच्या गाळ्यातल्या शिलाईवाल्या आपा. माझ्या लग्नातले ब्लाउज त्यांनीच शिवले होते. मांजरपाटाचं अस्तर आधी भिजवून घ्या, नाहीतर आटेल, असं प्रेमानं सांगायच्या. वाक्य कुणावर आहे हे सभागृहातल्या लहान पोरालाही कळलं होतं. मला तर लिहितानाच कळलं होतं.

"मी वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र देतो," अण्णा म्हणाले. "तो वादविवाद होता. बाजू चिठ्ठी टाकून दिली होती. ह्याच्या वाट्याला ती बाजू आली, बिचारा बोलला. भार्गवी, पक्की प्रत कर."

"चिठ्ठी नव्हती, अण्णा."

"तुला आठवत नसेल."

"मला सगळं आठवतं."

ते म्हणाले, "उद्याचं माझं भाषण तरी झालंय का? की त्यालाही नकार?"

उद्याचं भाषण झालं होतं. तिथंच तर सगळी गंमत होती. महिनाभर आधी अण्णांनीच रविवारच्या परिसंवादाचा विषय ठरवला होता, 'अतिरेकी मतांच्या परकीयांना नागरिकत्व द्यावे का?' त्यांच्या डोळ्यांपुढं सीमेपलीकडून येणारी माणसं होती. निमंत्रणं छापून वाटून झाली होती. अण्णांची बाजू, देऊ नये. पक्की प्रत माझ्या अक्षरात त्यांच्या फायलीत होती. 'माणसाचं आजचं गोड बोलणं पाहू नका, त्याचं जुनं बोलणं तपासा,' हे त्यातलं वाक्यही माझंच.

परिसंवाद पुढं ढकला, असं अवधूतनं सुचवलं. "ढकलला तर गावाला कळेल," अण्णा म्हणाले. गावाला कधीच कळलं होतं. त्याच संध्याकाळी मंडईत भाजीवालीनं मला विचारलं, "तुमच्या दिराला तिकडनं परत पाठवतात म्हणं, व्हय?"

रविवारी सकाळी सभागृह एवढं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी पंधरा-वीस पेन्शनर आणि चहावाला. त्या दिवशी खिडक्यांतही माणसं. श्रावणी माझ्या मांडीवर होती. तिच्या वेणीला मी अबोलीचा गजरा माळला होता. ती दर दोन मिनिटांनी तो चाचपून बघत होती.

अण्णा बोलायला उभे राहिले. आवाज पहिल्यापासून भरदार. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं. "माणसाचं आजचं गोड बोलणं पाहू नका..."

"त्याचं जुनं बोलणं तपासा, असंच ना?" समोरून आवाज आला. सोमशेखर वकील. दर परिसंवादात अण्णांच्या विरुद्ध बाजूला बसायचे आणि बाहेर आल्यावर अण्णांनाच स्कूटरवरून घरी सोडायचे. "तपासलं की कार्यवाहसाहेब. तुमच्याच अंकात मिळालं. सध्या वास्तव्य कुठं म्हणालात?"

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "आता लिवा, सध्या वास्तव्य विमानतळ."

"तो विषय वेगळा," अण्णा म्हणाले.

"वेगळा कसा? तिकडं तुमचा मुलगा परकीय. मत तुम्ही आत्ताच दिलंत, देऊ नये. मग फोन करून सांगा जर्मनीला, बापाची हरकत नाही."

"तो वादविवाद होता. बाजू चिठ्ठीनं आली होती."

तेव्हा पहिल्या रांगेतले शिवयोगी सर उठले. सर बोलतात इतकं हळू, की सभागृह आपोआप गप्प होतं. "चिठ्ठी नव्हती, वेणीमाधवराव. मी परीक्षक होतो. पहिला नंबर मीच दिला. मला ते चांगलं वाटलं होतं." एवढं बोलून ते बसले आणि चष्मा पुसत राहिले.

"ऐका तर खरं काय चांगलं होतं," सोमशेखर म्हणाले आणि त्यांनी खिशातून छापलेला कागद काढला. चष्मा वर करून, शब्द तोलून वाचलं. "घूस कधी दार वाजवत नाही. ती भाडेकरू म्हणून येते, आणि एक दिवस आपल्याच घराखालची माती आपली राहत नाही."

त्यांना वाटलं होतं लोक खाली मान घालतील. एकही मान खाली गेली नाही. मग मागून एक टाळी आली. मग खिडकीतून. मग अर्धं सभागृह वाजायला लागलं.

"यात चूक काय हाय?" खिडकीतला एकजण म्हणाला. "खरं हाय की ते."

सोमशेखर कागद हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता, आणि अण्णांचा उजळला होता. मी हे अण्णांच्या घरात राहून लिहीत आहे, तरी लिहिते. त्यांचा चेहरा खरंच उजळला होता.

माझ्या मांडीवर काहीतरी हललं. श्रावणी टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवतात म्हणून ती वाजवत होती, आणि मान वर करून माझ्याकडं बघत होती, मला आवडतंय ना हे पाहायला. तिचे तळवे लाल झाले होते. मी ते दोन्ही माझ्या मुठीत धरले. तिला वाटलं मी खेळतेय. ती हसली आणि हात सोडवायला लागली. मी सोडले नाहीत. बराच वेळ सोडले नाहीत.

सोमवारी अवधूत बँकेत, श्रावणी शाळेत, अण्णा वाचनालयात. घरात मी आणि भांडी घासायला येणारी ईरम्मा. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक पिशवी काढली. त्यात जांभळ्या खणाचे कापलेले तुकडे होते. दोन बाह्या, पाठ, पुढचे दोन भाग, आणि टाचणीनं लावलेली मापाची चिठ्ठी. माझाच ब्लाउज. कापलेला, पण न शिवलेला. भाषणानंतर आठव्या दिवशी आपांनी तो माझ्या दारात ठेवला होता. त्या आठ दिवसांत त्यांच्या गाळ्यावरच्या फलकाला कुणीतरी डांबर फासलं होतं आणि मालकानं जागा सोडायला सांगितलं होतं.

"ईरम्मा, शिलाईवाल्या आपा हल्ली कुठं असतात?"

"तिकडं नई जिंदगी वस्तीला की. घरातच मशिन टाकलीया." ईरम्मानं हातातलं पातेलं उपडं घातलं. "तुमाला म्हाईत न्हाय व्हय? तुमच्या समोरनंच सामान गेलं. मशिन मीच डोक्यावर न्हेली. तुमी गच्चीवर केस वाळवत हुता."

"मी काही बोलले होते का तुला?"

"काय बोलताव तुमी? आत गेला."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. भांड्यातलं पाणी ओतावं तसं म्हटलं. मग पुढचं पातेलं घेतलं.

मी जमिनीवर बसले आणि पत्र लिहिलं. सांगायला कुणी खोलीत फिरत नव्हतं, म्हणून वेळ लागला. पहिल्यांदा जे जमलं ते इतकं गोळीबंद होतं, की मी ते फाडून टाकलं. मग साधं लिहिलं.

'भाषण मी लिहिलं. मुद्दे हृषीकेशचे, वाक्यं माझी. शेवटचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, हेच शेवटी घेऊ. ते कुणाबद्दल आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं. बाजू चिठ्ठीनं दिलेली नव्हती. आठ दिवसांत त्या बाईंना जागा सोडावी लागली. तेव्हा आम्ही दोघंही इथंच होतो आणि कुणी काही केलं नाही. हृषीकेशचं मत आज काय आहे हे मला माहीत नाही, त्यांनाच विचारावं. माझं बदललं आहे. पण हे मी त्या बाईंना अजून सांगितलेलं नाही.'

खाली सही आणि पत्ता.

संध्याकाळी भावजींचा व्हिडिओ कॉल आला. सगळे ओट्यापाशी जमले. मी पत्र वाचून दाखवलं. मोबाइलमधला चेहरा हळूहळू कॅमेऱ्याजवळ येत गेला.

"हे काय आहे वहिनी?"

"तुम्ही मागितलंत ते."

"मी एवढंच म्हणालो होतो, की तुम्ही लिहिलं असं द्या. हे पाठवलं तर मी संपलो."

"न पाठवणं तुमच्या हातात आहे."

"तुमचं काय जातंय? तुम्हाला तिथं कोण हात लावणार आहे? इथं माझी बायको आहे, मुलगा इथल्या शाळेत जातो. मी काय तोंडानं सांगू त्याला?" मग आवाज खाली आला. "आणि मी तसा राहिलेलो नाही. माझ्या ऑफिसात सगळ्या प्रकारची माणसं आहेत. मागच्या वर्षी ट्राममध्ये एकानं मला काय म्हटलं माहितीय? घूस नाही म्हटलं, पण तसंच काहीतरी. खिडकीकडं बघत बसलो मी. अर्धा तास. मला तेव्हा आपांचा फलक आठवला."

हे त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मलाही क्षणभर वाटलं, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावा.

"मग हेच लिहा," मी म्हणाले. "ट्राम, खिडकी, फलक. हेच पाठवा."

"ते तुम्ही लिहून द्या की. तुमची भाषा चांगली आहे."

ते अगदी सहज बोलून गेले होते, आणि इतकी वर्षं हे घर तसंच चाललं होतं.

"नाही," मी म्हणाले. "हे तुमचं तुम्ही लिहा."

"मला जमत नाही म्हणून तर..." ते थांबले. मग म्हणाले, "बरं आहे वहिनी." पडदा काळा झाला.

"झालं समाधान?" सासूबाई म्हणाल्या. "पोराचं घर उठवलंस. आता ठेव पत्र फ्रेम करून."

अण्णांनी पत्र हातात घेतलं. सवयीनं खिशातून पेन काढलं, एक अनुस्वार दुरुस्त केला, आणि परत ओट्यावर ठेवून बाहेर निघून गेले. अवधूत त्यांच्या मागं गेला. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "निदान मला तरी आधी विचारायचंस."

मी माजघरात आले. श्रावणीनं पिशवी उघडून खणाचे तुकडे फरशीवर मांडले होते. बाह्यांच्या जागी बाह्या, पाठीच्या जागी पाठ. तिला बाहुलीला झगा करायचा होता. मधोमध ती स्वतः बसली होती, केसात कालचा सुकलेला गजरा तसाच. काढू देत नव्हती.

"हे कुणी कापलं, आई?"

"एक आपा होत्या. समोर राहायच्या."

"मग शिवलं का नाही?"

"त्यांना इथून जावं लागलं."

"का?"

"मी एक वाईट वाक्य लिहिलं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं."

"काल टाळ्या वाजवल्या ते?"

"हो."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या अंगाला दूध-बिस्किटांचा वास येत होता. तिनं एक बाही उचलून माझ्या दंडावर लावून पाहिली. आता ती मला तोकडी होती. तिनं ती नीट घडी करून पुन्हा जागेवर ठेवली आणि बराच वेळ काहीतरी जुळवत बसली. मला वाटलं, झगा जुळवतेय.

"आई, काकांनी ते नुसतं म्हटलं तर त्यांना तिकडचं होऊ देत नाहीत."

"हं."

"आपांनी तर काहीच नव्हतं म्हटलं."

"नाही."

"आणि लिहिलं होतंस तू." तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. पाणी आलंय असं सांगताना असतो तसाच चेहरा. "मग तुला इथं कोण राहू देतं?"